हळदीचा एकच नमुना, दोन रिपोर्ट, दोन आकडे: एचपीएलसी नक्की काय मोजतं?

प्रयोगवही (धागाकर्ती)

मसाल्यांच्या धाग्यावर 'हळदवखार' यांनी विचारलं होतं की एकाच पोत्यातली हळद पूड दोन प्रयोगशाळांना पाठवली, तर एकीकडून 'कर्क्युमिन ४.१ टक्के' आलं आणि दुसरीकडून 'कर्क्युमिन २.३ टक्के'. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं की प्रयोगशाळावाले पैसे घेऊन हवा तो आकडा देतात. मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसातला बराचसा वेळ एचपीएलसीसमोर (हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातली द्रव्यं सुटी करून मोजणारं यंत्र) जातो. मला वाटतं, हे दोन्ही रिपोर्ट प्रामाणिक असू शकतात. ते कसं, हे कळायला आधी यंत्रात काय घडतं ते बघावं लागेल. तिथे ते प्रतिसादांच्या गर्दीत हरवलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

शाळेत अनेकांनी हा प्रयोग केला असेल: खडूवर काळ्या स्केचपेनची रेघ मारायची आणि खडू थोड्याशा पाण्यात उभा करायचा. पाणी वर चढतं, आणि काळ्या रेघेतून निळा, जांभळा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ज्या रंगाला खडू जास्त धरून ठेवतो तो मागे राहतो, ज्याला पाणी जास्त मानवतं तो पुढे जातो. क्रोमॅटोग्राफीचं सगळं तत्त्व एवढंच. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी १९०३ साली वॉर्सामध्ये या पद्धतीवर व्याख्यान दिलं. पानांतली रंगद्रव्यं काचेच्या नळीतल्या चुनखडीच्या भुकटीतून सोडली की त्यांचे वेगवेगळे पट्टे पडतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये दोन द्रवांमधल्या वाटपावर आधारलेली पद्धत मांडली, तिला १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ज्याला आपण एचपीएलसी म्हणतो ते यंत्र १९६० च्या दशकात आकाराला आलं. येल विद्यापीठातले चाबा होर्वाथ हे त्यातलं मोठं नाव.

आता आपलं यंत्र. ते थरांचं असतं, एकावर एक ठेवलेले डबे. सगळ्यात वर काचेच्या बाटल्या, त्यात मोबाइल फेज, म्हणजे वाहता द्रव. हळदीसाठी साधारणपणे ॲसिटोनायट्राइल आणि थोडं ॲसेटिक किंवा फॉर्मिक ॲसिड घातलेलं पाणी, निम्मं-निम्मं. त्याखाली पंप. तो मिनिटाला बरोबर १ मिली द्रव ढकलतो, त्यात जराही चढउतार चालत नाही. मग ऑटोसॅम्पलर, जो लहानशा व्हायलमधून १० किंवा २० मायक्रोलिटर नमुना उचलून त्या वाहत्या द्रवात सोडतो. पुढे कॉलम, आणि शेवटी डिटेक्टर. डिटेक्टरमधून निघालेली तार संगणकाला, आणि निघालेला द्रव खालच्या वेस्टच्या कॅनमध्ये.

खरं काम कॉलम करतो. दिसायला साधी स्टीलची नळी: लांबी २५० मिमी, आतला व्यास ४.६ मिमी. आत ५ मायक्रॉनचे सिलिकाचे सच्छिद्र कण ठासून भरलेले. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर १८ कार्बनच्या साखळ्या रासायनिक बंधाने बसवलेल्या असतात, म्हणून त्याला सी-१८ म्हणतात. या साखळ्या तेलकट स्वभावाच्या. जो रेणू तेलकट तो त्यांच्याकडे जास्त रेंगाळतो, जो पाण्याला जवळचा तो लवकर बाहेर पडतो. ५ मायक्रॉनच्या कणांमधून द्रव ढकलायचा तर जोर लागतोच. मिनिटाला १ मिलीसाठी १०० ते २०० बार प्रेशर सहज येतं.

हळदीतला पिवळा रंग एका रेणूचा नाही, ते तिघं आहेत: कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिस-डिमेथॉक्सीकर्क्युमिन. तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड्स म्हणतात. रचना जवळजवळ सारखी. कर्क्युमिनवर दोन मेथॉक्सी गट, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एकही नाही. एवढ्याशा फरकाने सी-१८ कॉलमवर ते वेगळे होतात: आधी बिस, मग डिमेथॉक्सी, शेवटी कर्क्युमिन. डिटेक्टर ४२५ नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या प्रकाशावर लावलेला असतो, कारण तो प्रकाश ही पिवळी द्रव्यं भरपूर शोषतात. एक द्रव्य समोरून गेलं की प्रकाश कमी पोचतो आणि पडद्यावर एक डोंगर उमटतो. तोच पीक. तो किती मिनिटांनी आला यावरून तो कोण असावा हे ठरतं, आणि त्याखालच्या क्षेत्रफळावरून तो किती आहे हे.

किती आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. त्याला तुलनेसाठी शुद्ध नमुना, म्हणजे स्टँडर्ड, द्यावं लागतं. उदाहरणादाखल आकडे घेते. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली कर्क्युमिन स्टँडर्ड, शुद्धता ९८ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ४९. त्याचं क्षेत्रफळ आलं ४० लाख. इकडे २५० मिलिग्रॅम हळद पूड १०० मिली मिथेनॉलमध्ये उतरवली, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम पूड प्रति मिली. त्याच्या कर्क्युमिन पीकचं क्षेत्रफळ ४६ लाख ९४ हजार. मग ४६.९४ भागिले ४०, गुणिले ४९, म्हणजे ५७.५ मायक्रोग्रॅम. २५०० मध्ये ५७.५, म्हणजे २.३ टक्के.

हा २.३ हळदवखार यांच्या दुसऱ्या रिपोर्टचा आकडा. तो फक्त कर्क्युमिनचा आहे, बाकीची दोन भावंडं त्यात नाहीत. पहिल्या रिपोर्टवर पद्धत 'स्पेक्ट्रोफोटोमीटर' असेल असा माझा अंदाज आहे. त्या यंत्रात कॉलम नसतो. अर्क थेट प्रकाशासमोर धरायचा आणि ४२५ ला किती प्रकाश शोषला गेला ते मोजायचं. तिन्ही कर्क्युमिनॉइड्स आणि आणखी जे काही पिवळं असेल ते सगळं एकाच आकड्यात जमा होतं आणि वर लिहिलं जातं 'कर्क्युमिन'.

हळदवखार, दोन्ही रिपोर्टवर 'टेस्ट मेथड' आणि 'ड्राय बेसिस' (ओलावा वजा करून धरलेलं वजन) हे दोन रकाने बघून इथे टाकाल का?


हळदवखार

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. रिपोर्ट समोर घेऊनच बसलोय. पहिल्यावर 'यूव्ही-व्हिजिबल' लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरांत 'ऑन ड्राय बेसिस'. दुसऱ्यावर 'एचपीएलसी', आणि 'ॲज इज बेसिस', म्हणजे ओलाव्यासकट. मॉइश्चर ९ टक्के दाखवलंय. माल सेलम जातीचा, सांगली बाजारातला, हळकुंड आणि गड्डा एकत्र दळलेला. दुसऱ्या रिपोर्टच्या मागच्या पानावर डिमेथॉक्सी ०.७५ आणि बिस ०.५५ असंही आहे, ते मी आधी वाचलंच नव्हतं.


प्रयोगवही

यूव्ही-व्हिजिबल म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरच, मग हिशोब जुळतोय. २.३ अधिक ०.७५ अधिक ०.५५ म्हणजे ३.६ टक्के एकूण कर्क्युमिनॉइड्स, पण ते ओलाव्यासकट वजनावर. ९ टक्के ओलावा वजा केला तर ३.६ भागिले ०.९१, म्हणजे जवळपास ३.९६. स्पेक्ट्रोफोटोमीटरचं ४.१ त्याच्या अगदी जवळ आहे. उरलेला थोडा फरक इतर पिवळ्या द्रव्यांचा आणि दोन पद्धतींमधल्या नेहमीच्या तफावतीचा. दोन्ही प्रयोगशाळांनी मोजलंय नीट, फक्त दोघींनी वेगवेगळी गोष्ट मोजून तिला एकच नाव दिलं. हा दोष रिपोर्ट लिहिण्यातला आहे आणि तो मला खरंच खटकतो. शेतकरी आणि व्यापारी या आकड्यावर भाव ठरवतात. 'एकूण कर्क्युमिनॉइड्स' लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, ती लिहावीत.

एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) मानकात हळद पुडीसाठी कर्क्युमिनॉइड्स किमान २ टक्के, कोरड्या वजनावर, असं आहे. तिथे एकूण धरायचे असतात. तुमचा माल त्यात आरामात बसतो.


रेणूरंजन

छान धागा. वाचतोय. एक शंका: स्पेक्ट्रोफोटोमीटर स्वस्त, दहा मिनिटांत काम होतं. मग एचपीएलसीचा एवढा खटाटोप कशासाठी?


जुना_क्यूसी

मी उत्तर देतो. औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, हयात गेली.

स्पेक्ट्रोफोटोमीटरला फक्त 'किती पिवळं' हे कळतं, 'कोण पिवळं' हे कळत नाही. हळदीत मेटॅनिल यलो मिसळलेला असेल, तर तो बंदी असलेला रंगही साधारण त्याच भागात प्रकाश शोषतो. म्हणजे भेसळ केली की कर्क्युमिनचा आकडा वाढलेला दिसणार! कॉलम असेल तर तो रंग वेगळ्या वेळेला बाहेर पडतो. त्यात पीडीए डिटेक्टर (एकाच वेळी अनेक रंगांचा प्रकाश मोजणारा) असेल तर त्या पीकचा संपूर्ण स्पेक्ट्रम काढून मेटॅनिल यलोच्या स्टँडर्डशी ताडून बघता येतो.

दुसरी गोष्ट. बाजारात कृत्रिमरीत्या बनवलेलं कर्क्युमिनही आहे. अर्काच्या पुड्यांमध्ये 'नैसर्गिक' म्हणून ते खपवलं जातं. हळदीतून काढलेल्या अर्कात तिन्ही भावंडं हमखास दिसतात. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे पीकच्या आलेखात, एकटंच कर्क्युमिन सुळक्यासारखं उभं असेल आणि बाकी दोघांचा मागमूस नसेल, तर संशय घ्यायचा. खात्रीसाठी कार्बन-१४ ची तपासणी लागते, कारण पेट्रोलियमपासून बनलेल्या मालात कार्बन-१४ नसतो. पण पहिली शंका एचपीएलसीच दाखवतं.

औषधांतही हेच. पॅरासिटामॉलमध्ये ४-अमिनोफिनॉल ही अशुद्धी असते. ती अगदी थोडी, पण विषारी, म्हणून तिची मर्यादा कडक. गोळीतलं पॅरासिटामॉल ९९ टक्के भरलं म्हणून भागत नाही, उरलेल्यात कोण आहे ते दिसायला हवं.


द्राक्षबाग_तासगाव

म्हणजे एचपीएलसी केली की सगळी भेसळ कळते का? लेड क्रोमेटचं बरंच ऐकतो.


प्रयोगवही

नाही, आणि हे ठळकपणे लिहायला हवं. लेड क्रोमेट हा शिशाचा क्षार. मिथेनॉलमध्ये तो उतरतच नाही, फिल्टरवर राहून जातो. माझ्या एचपीएलसीवर लेड क्रोमेटने रंगवलेली हळद अगदी निर्मळ दिसेल. शिशासाठी एएएस किंवा आयसीपी-एमएस ही वेगळी यंत्रं. हळद घेताना पूर्ण खात्री हवी असेल तर कर्क्युमिनॉइड्सबरोबर शिशाची तपासणी वेगळी सांगावी लागते. पिठाची भेसळ असेल तर कर्क्युमिनॉइड्सचा टक्का घसरतो, पण का घसरला हे एचपीएलसी सांगत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो.

तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून तुमच्या जवळचं उदाहरण देते. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, आठवत असेल. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं औषध, तुमच्याकडे ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात ते. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा रेणू साध्या एचपीएलसीला दोन्हीकडून चकवतो. त्याच्यावर कायमचा धन विद्युतभार असतो, त्यामुळे सी-१८ कॉलम त्याला धरून ठेवत नाही, तो पाण्याबरोबर सरळ बाहेर पडतो. आणि तो यूव्ही प्रकाश शोषत नाही, म्हणून डिटेक्टरला दिसतच नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचा कॉलम आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, म्हणजे एलसी-एमएस-एमएस. तो रेणूचं वस्तुमान मोजतो, मग त्याचे तुकडे करून तुकड्यांचंही मोजतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली प्रयोगशाळा या उर्वरित अंशांच्या तपासणीसाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा आहे.


द्राक्षबाग_तासगाव

आठवतंय तर! ते वर्ष विसरणं शक्य नाही. फवारणीच्या वहीत लिहोसिन तोपर्यंत सगळ्यांच्याच असायचं. नंतर रिपोर्टमध्ये किती औषधांची नावं वाढली ते बघितलं. धन्यवाद, आता कळलं की त्या तपासणीचा दर जास्त का.


एमएस्सी_भाग२

नमस्कार. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्या विभागात एचपीएलसी आहे पण ते बंद खोलीत असतं, आम्हाला लांबून दाखवतात. परीक्षेला व्हॅन डीम्टरचं समीकरण पाठ आहे, पण प्रत्यक्षात त्याचा काय उपयोग होतो ते कधी कुणी सांगितलं नाही. आणि मुलाखतीत 'सिस्टीम सुटेबिलिटी' विचारतात म्हणे. ताई, सर, थोडं सांगाल का?


जुना_क्यूसी

बाळ, समीकरण १९५६ चं आहे आणि आजही रोज कामाला येतं. कॉलममध्ये पीक रुंद का होतो याची तीन कारणं त्यात आहेत. पहिलं, रेणूंना कणांभोवतून जायला वेगवेगळ्या लांबीच्या वाटा मिळतात. दुसरं, द्रव फार सावकाश गेला तर रेणू आपापले लांबीच्या दिशेने पसरतात. तिसरं, द्रव फार जोरात गेला तर कणाच्या छिद्रांत आत-बाहेर करायला रेणूंना वेळ पुरत नाही. म्हणून प्रवाहाचा एक मधला वेग सगळ्यात चांगला असतो.

कण लहान केले की पहिलं आणि तिसरं कारण दोन्ही कमी होतात, पीक टोकदार येतात. मग लहानच का वापरत नाहीत? प्रेशर. कणाचा आकार निम्मा केला की तेवढ्याच लांबीला आणि तेवढ्याच प्रवाहाला चौपट प्रेशर लागतं. ५ मायक्रॉनवरून १.७ वर गेलात तर साडेआठपटीहून जास्त. जुनी यंत्रं ४०० बारच्या आसपास थांबायची. २००४ मध्ये १००० बार झेलणारी यूपीएलसी यंत्रं बाजारात आली आणि मग १.७ मायक्रॉनचे कॉलम रोजच्या वापरात आले. २५ मिनिटांचा रन पाचेक मिनिटांत व्हायला लागला, सॉल्व्हंटही वाचला.

सिस्टीम सुटेबिलिटी म्हणजे आज, या क्षणी, हे यंत्र, हा कॉलम आणि हा मोबाइल फेज मिळून विश्वासार्ह आकडा देतायत का, याची परीक्षा. एकच स्टँडर्ड ओळीने पाच-सहा वेळा सोडायचं. क्षेत्रफळांचा आरएसडी (आकडे एकमेकांपासून किती विखुरले ते) बहुतेक पद्धतींत २.० टक्क्यांच्या आत लागतो. टेलिंग फॅक्टर (पीकला शेपूट किती ते) २.० च्या आत, थिऑरेटिकल प्लेट्स (कॉलम किती टोकदार पीक देतो त्याचं माप) किमान २०००, आणि शेजारच्या पीकशी रिझोल्यूशन, म्हणजे दोघं किती सुटे आहेत ते. आकडे पद्धतीप्रमाणे बदलतात, मोनोग्राफमध्ये (त्या औषधाच्या अधिकृत मानकात) दिलेले तेच खरे. यात नापास झालं की पुढचे नमुने सोडायचेच नाहीत. मुलाखतीत हे शेवटचं वाक्य नक्की सांग.


वेर्णा_शिफ्ट

गोव्याहून नमस्कार. फार्मात क्यूसीला आहे. मला नवीन मुलांना एक सांगायचंय: स्टँडर्डची बाटली वाचायला शिका. रसायनांच्या दुकानात 'कर्क्युमिन' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत शुद्ध कर्क्युमिन ६५-७० टक्केच असतं, उरलेली तीच दोन भावंडं. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ती ९८ टक्क्यांची समजून वापरली तर वरच्या उदाहरणातलं २.३ टक्के थेट ३.२ होतं! यंत्र उत्तम, कॉलम नवा, आरएसडी ०.३, आणि आकडा साफ चूक. सिस्टीम सुटेबिलिटी हे पकडू शकत नाही, कारण चुकीचं स्टँडर्डसुद्धा सहा वेळा सारखाच आकडा देतं.


प्रयोगवही

हे अतिशय मोलाचं. सर्टिफिकेटवरची शुद्धता, एक्स्पायरी आणि साठवणीचं तापमान वाचल्याशिवाय स्टँडर्ड वजनकाट्यावर घेऊ नये. कर्क्युमिन प्रकाशात आणि अल्कलीत टिकत नाही. म्हणून तांबूस रंगाचे फ्लास्क, आणि मोबाइल फेजमध्ये ॲसिड. ॲसिडचं आणखी एक काम आहे. कर्क्युमिन धातूंच्या कणांना धरून बसतं, आणि सिलिकात असे धातू अंशाने असतात. त्यामुळे पीकला शेपूट येतं. ॲसिड असलं की शेपूट आवरतं.

एमएस्सी_भाग२, तुला यंत्राला हात लावायला मिळेल तेव्हाचं सांगते. सकाळी आधी मोबाइल फेज ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा. मग डिगॅस, म्हणजे त्यातली हवा काढणं, कारण पंपात हवेचा बुडबुडा अडकला की प्रेशर वरखाली नाचतं आणि बेसलाइनवर (पीक नसताना पडणारी सपाट रेषा) दात पडतात. मिथेनॉल आणि पाणी एकत्र केलं की मिश्रण गरम होतं आणि बुडबुडे सुटतात. ॲसिटोनायट्राइल-पाणी उलट थंड पडतं, म्हणून ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय व्हॉल्यूम करू नये, म्हणजे खुणेपर्यंत भरू नये. दोन्ही द्रव वेगवेगळे मोजून मगच मिसळायचे. एका सिलिंडरमध्ये १०० च्या खुणेपर्यंत ओतून मिसळलं तर प्रमाण बदलतं, आणि ॲसिटोनायट्राइल थोडं जरी कमी-जास्त झालं तरी पीक सरकतात. ढोबळ नियम असा की ते १० टक्क्यांनी, म्हणजे ५० वरून ६० वर, वाढवलं की पीक कॉलममध्ये रेंगाळण्याचा वेळ निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो.

पंपाचं पर्ज व्हॉल्व्ह उघडून जुना द्रव काढायचा, मग बंद करून मिनिटाला ०.२ मिलीने सुरुवात करत १ मिलीपर्यंत न्यायचं. एकदम जोर दिला तर कॉलमचा भराव दबतो. प्रेशर आणि बेसलाइन स्थिर होईपर्यंत थांबायचं, अर्धा-पाऊण तास. हा वेळ वाचवायला जाऊ नये. कॉलम ओव्हन ३० किंवा ३५ ला ठेवायचा. तापमान एका अंशाने चढलं की पीक एक-दोन टक्क्यांनी लवकर येतात. सांगली-सोलापूरच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की सकाळचं आणि दुपारचं स्टँडर्ड एकमेकांशी जुळत नाही.


न्यूजर्सी_मराठी

इकडे औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. एक भर घालते, कारण लोकांना वाटतं महागडं यंत्र म्हणजे योग्य यंत्र. २०१९ मध्ये रॅनिटिडिनमध्ये (ॲसिडिटीचं औषध) एनडीएमए, हे कर्करोगाचा धोका असलेलं द्रव्य, सापडल्याचं गाजलं. सुरुवातीला काही जणांनी ते गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासलं आणि भयंकर मोठे आकडे आले. तिथे नमुना वाफ करण्यासाठी तापवतात, आणि रॅनिटिडिन तापलं की त्यातूनच एनडीएमए तयार होतं! म्हणून एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) एलसीवर, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर, न तापवता, मास स्पेक्ट्रोमीटरने तपासायला सांगितलं. तरीही एनडीएमए होतंच, साठवणीत वाढतही होतं, आणि एप्रिल २०२० मध्ये सगळं रॅनिटिडिन बाजारातून काढायला सांगितलं गेलं. पण आकडा किती, हे पद्धतीवर किती अवलंबून असतं बघा.


रेणूरंजन

हे माहीत नव्हतं. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुरेपूर मिळालं.


एमएस्सी_भाग२

सगळ्यांचे खूप आभार. वहीत उतरवून घेतेय. अजून एक: बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) वापरल्यावर कॉलम आणि यंत्र खराब होतं म्हणतात, ते कसं?


जुना_क्यूसी

फॉस्फेट बफर पाण्यात विरघळतं, ॲसिटोनायट्राइलमध्ये नाही. संध्याकाळी घाईने सरळ १०० टक्के ॲसिटोनायट्राइल सोडलं की बफरचे स्फटिक तिथल्या तिथे नळीत, पंपाच्या सीलवर, कॉलमच्या तोंडावरच्या फ्रिटवर (गाळणीसारखी चकती) बसतात. दुसऱ्या दिवशी पंप चालू केला की प्रेशर लिमिट ओलांडून यंत्र थांबतं. आधी ९० टक्के पाणी, १० टक्के ॲसिटोनायट्राइलने धुवायचं, कॉलमच्या आकारमानाच्या निदान दहापट. मगच ॲसिटोनायट्राइल वाढवत न्यायचं, आणि त्यातच कॉलम ठेवायचा. नुसत्या पाण्यात ठेवला तर आत जिवाणू वाढतात.

आणि पीएच. साध्या सिलिका कॉलमला २ ते ८ मध्येच ठेवायचं. त्याखाली सी-१८ च्या साखळ्या तुटतात, त्यावर सिलिकाच विरघळायला लागते.

आणखी एक, नोकरीला लागशील म्हणून. पीकच्या खालची रेषा सॉफ्टवेअर आखतं, पण ती हाताने सरकवताही येते. त्याला मॅन्युअल इंटिग्रेशन म्हणतात. कधी कधी ते गरजेचं असतं, पण प्रत्येक वेळी कारण लिहायचं आणि ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंद) कधीही बंद करायचा नाही. रेषा जरा वर उचलली की नापास बॅच पास होते, हे सगळ्यांना माहीत आहे. तुला कुणी तसं करायला सांगितलं तर करू नकोस. त्या गोळ्या कुणाच्या तरी घरात जातात.


वेर्णा_शिफ्ट

सरांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.


हळदवखार

ताई, तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या प्रयोगशाळेकडे क्रोमॅटोग्राम मागितला. त्यांनी लगेच पाठवला. तीन डोंगर दिसतायत, पण मधल्या दऱ्या तळाला टेकत नाहीत. वेळा ९.८, १०.४ आणि ११.१ मिनिटं. पायाशी रुंदी तिघांचीही ०.५५ लिहिलीय. कॉलम २५० मिमी, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज ५०-५०. हे ठीक आहे का?


प्रयोगवही

मागितलात ते फार बरं केलंत. रिझोल्यूशन म्हणजे दोन पीकच्या वेळांतल्या फरकाची दुप्पट, भागिले दोघांच्या रुंदीची बेरीज. पहिल्या दोघांचं ०.६ दुणे १.२, भागिले १.१, म्हणजे १.१. नंतरच्या दोघांचं १.४ भागिले १.१, म्हणजे १.३ च्या आत. तळापर्यंत वेगळे व्हायला १.५ लागतं, पद्धतीत बहुधा २ मागतात. म्हणजे एकाचं थोडं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या खात्यात गेलंय. तिघांची बेरीज त्यामुळे फारशी बदलत नाही, ३.६ वर तुम्ही विसंबू शकता. पण त्यातलं २.३, ०.७५ आणि ०.५५ हे वाटप मी जसंच्या तसं धरणार नाही.

प्लेट्सही काढून बघितल्या: ११.१ भागिले ०.५५, त्याचा वर्ग, गुणिले १६, म्हणजे साधारण ६५००. चांगल्या अवस्थेतल्या २५० मिमी, ५ मायक्रॉन कॉलमकडून याच्या दुपटीहून जास्त अपेक्षित असतात. कॉलम थकला असावा, किंवा नमुना निव्वळ मिथेनॉलमध्ये आणि २० मायक्रोलिटर सोडला असेल तर त्यानेही पीक पसरतात. त्यांना तीन गोष्टी विचारा: कॉलमवर किती इंजेक्शनं झालीत, नमुना मोबाइल फेजमध्ये पातळ करून ५ किंवा १० मायक्रोलिटर सोडून बघता येईल का, आणि ॲसिटोनायट्राइल ५० वरून ४५ वर आणून एक रन घेता येईल का. रन लांबेल, पण पीक सुटे होतील. नीट बोलून विचारा, चांगली प्रयोगशाळा हे आनंदाने करते. पुन्हा नमुना द्यायची वेळ आली तर पोत्याच्या तोंडाकडची मूठ देऊ नका. वरून, मधून, तळातून घेऊन एकत्र मिसळा आणि त्यातला चौथाई पाठवा. हळकुंड आणि गड्डा यांच्यात कर्क्युमिनॉइड्स सारखे नसतात.


हळदवखार

उद्या सकाळीच फोन करतो. नवा क्रोमॅटोग्राम आला की इथेच टाकतो.